दाराचं टेबल

१

आमचं दुकान पेंढा भरण्याचं. लोक अजून तसंच म्हणतात, पण पेंढा सासऱ्यांच्या वेळीच गेला. आता आत तार, भुसा आणि कापूस असतो, वर मूळचं कातडं. कुणाचा पोपट, कुणाचं म्हातारं कुत्रं, कुणाचा बक्षीस मिळवलेला कोंबडा. कातडं सोडवणं, मीठ-तुरटीत मुरवणं, तारेचा सांगाडा बांधणं हे ह्यांचं काम. शिवण माझी. लग्नाआधी मी कपडे शिवायची, म्हणून हात बसलेला होता. फरक एवढाच की कापडाची शिवण चुकली तर उसवता येते. कातड्यात सुई एकदा गेली की भोक राहतं.

रोजचा दिवस ठरलेला असायचा. सकाळी सासूबाईंचं आवरायचं, त्यांना भरवायचं, मग दोन गल्ल्या ओलांडून दुकान. मधूनमधून मी घरी चक्कर मारायची. सासूबाईंची डावी बाजू गेली होती. बोलणं जड झालं होतं, पण डोकं लख्ख. आणि लाज पहिल्यापेक्षा जास्त. ह्या बाईंनी जन्मभर केससुद्धा कडी लावून विंचरले होते. मी भांडं द्यायला किंवा अंग पुसायला गेले की त्या आधी दाराकडे बघायच्या. दार लागलेलं दिसलं की डोळे मिटायच्या. डोळे मिटले की मी हात लावायचा, असं आमचं न बोलता ठरलेलं होतं.

दुकानातलं टेबल मिठाच्या पाण्यानं कुजत आलं होतं. एक दिवस त्याचा पाय गेला आणि पूर्ण झालेला कोंबडा मानेवर आपटला.

"बिचारा दुसऱ्यांदा मेला," हे म्हणाले. हसू मात्र दोघांनाही आलं नाही.

सुतारानं नव्या टेबलाचा आकडा सांगितला. ह्यांनी त्याला चहा पाजला आणि विषय बदलला. काम कमी झालं होतं. लोक आता मेलेल्या कुत्र्याचा फोटो लावतात.

दाराची कल्पना माझी. ती ह्यांची असती तर किती बरं झालं असतं, पण माझीच. घरात जुनं, जाड, एका फळीसारखं सपाट दार एकच होतं. सासूबाईंच्या खोलीचं.

"दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं की झालं टेबल," मी म्हणाले. "आणि दार नसलं म्हणजे आईंची हाक तरी नीट ऐकू येईल."

हे दुसरं वाक्य मला नंतर सुचलं होतं. सासूबाईंना सांगताना मात्र मी तेवढंच सांगितलं.

सुतार बिजागऱ्या सोडत होता तेव्हा त्या पलंगावरून बघत होत्या. दार निघालं आणि पलंगासमोर बैठकीची खोली, तिच्यापलीकडे रस्त्यावरचं दार, सगळं एका रेषेत उघडं पडलं. सासूबाईंनी चालत्या हातानं चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"पडदा लावते ना, आई. चांगला जाड."

"पडद्याला कडी नसते," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

२

टेबल मात्र झकास झालं. दाराची बाहेरची बाजू गुळगुळीत होती, ती वर घेतली. आतली बाजू खाली गेली. दुकानाच्या दोन भिंतींमध्ये बसेना म्हणून सुतारानं दार खालच्या टोकाला वीतभर कापलं. आतल्या बाजूला सासूबाईंचा टॉवेल टांगायचा खिळा होता, तो तसाच राहिला. खाली कोण बघतंय?

अडचण एकच झाली. कुलूप काढलं होतं, त्याचं नाण्याएवढं भोक राहिलं होतं. माझ्या सुया, टाचण्या, लहान चिमटा, सगळं त्यातून खाली घरंगळायचं. एकदा पोपटाची नखं ठेवली होती, ती गेली. भुशात हात घालून शोधता शोधता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ह्यांनी डोळ्यांचा खण उघडला. एका बोकडाच्या मुंडक्यासाठी काचेचे डोळे मागवले होते, त्यातला एक जास्तीचा उरला होता. पिवळा, मधली बाहुली आडवी. भोकात तो असा बसला की जणू त्याच्यासाठीच पाडलं होतं.

"उलटा का बसवताय?" मी विचारलं.

"फुगीर बाजू वर ठेवली तर तुझा हात अडखळेल. सपाट बाजू वर. त्याला बघू दे खाली काय सांडतंय ते." सरस लावून त्यांनी अंगठ्यानं दाबला. "घे, राखणदार दिला तुला."

मी हसले. खरंच हसले. त्यानंतर एक सुई खाली गेली नाही.

३

सासूबाईंचं अंग पुसायला मी पाणी घेऊन गेले. पडदा नीट ओढला, कडेला खुर्ची लावली. त्या डोळे मिटेनात.

"आधी त्याला घालव," त्या म्हणाल्या.

"कुणाला, आई?"

"दारात आहे तो."

मी वळून पाहिलं. रिकामी चौकट, पडदा, खुर्ची. त्यांची नजर पडद्याच्या कडेला, साधारण माझ्या कमरेच्या उंचीवर खिळली होती. जिथे कुलूप असायचं तिथे.

"कुणी नाही हो."

"पापणी हलत नाही त्याची. पिवळा आहे. बाहुली आडवी."

माझ्या हातातलं फडकं गार झालं तरी मी ते तसंच धरून उभी होते. मग मनाची समजूत घातली. ह्यांनीच सांगितलं असणार. आईशी गप्पा मारताना दुकानातली गंमत म्हणून सांगितलं असणार.

रात्रीच्या जेवणाला मी विचारलं. "तो बोकडाचा डोळा कुठे लावलाय ते आईंना बोललात का?"

"नाही बाई. आईला कशाला सांगू? तिच्या दाराला भोक पाडून वर डोळा लावलाय म्हणून?" ते ताटाकडे बघत म्हणाले. तेव्हा मला कळलं की ते आईच्या खोलीत फारसे जात नाहीत हल्ली.

त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. दुपारी दुकान बंद दिसलं म्हणून, ज्यांचा पोपट भरायला होता ते काका घरीच आले. रस्त्यावरचं दार मी उघडं टाकलं होतं. वारा आला, पडदा पोटासारखा फुगला आणि वर गेला. मी सासूबाईंच्या खालचं भांडं काढत होते.

"अरेरे! माफ करा, माफ करा," म्हणत काका आल्या पावली फिरले. सज्जन माणूस. मी पांघरूण ओढलं. सासूबाईंनी डोळे उघडले होते. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, दुकानात भरायला आणलेली मेलेली जनावरं बघतात तसं.

त्या दिवसापासून त्यांनी पाणी घेणं सोडलं.

४

पोपटाची शिवण शेवटच्या टप्प्यात होती. हे माल आणायला गेले होते. दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं, रस्त्यावरून चालणाऱ्यांचे नुसते पाय दिसत होते. ऊन टेबलावर आलं होतं. पोटाकडून मानेकडे मी बारीक टाके घेत होते.

टकटक झालं. मग थांबून एक टक.

शेजारच्या दुकानात काही ठोकत असतील म्हणून मी पुढचा टाका घातला. पुन्हा तेच. ह्या वेळी माझ्या मनगटाला कळलं, कारण मनगट टेबलावर टेकलेलं होतं. आवाज लाकडातून येत होता, खालून.

तो ठोका मी ओळखत होते. पूर्वी, हिंडत्याफिरत्या असताना, सासूबाई आतून कपडे बदलून झाले की दारावर अंगठीनं असंच वाजवायच्या. म्हणजे आता आत यायला हरकत नाही.

मी सुई खोचून ठेवली आणि वाकून टेबलाखाली पाहिलं. भुशाचं पोतं, तारेचं भेंडोळं, माझ्या चपला. उंदीरही नाही. लाकूड ऊन खातं तेव्हा कुरकुरतं, हे मला माहीत आहे. मी तसं स्वतःला सांगितलं सुद्धा. मग मान वर केली.

खिळ्याला सासूबाईंचा टॉवेल होता.

टॉवेल तिथे असण्याचं एक वेळ काही नाही. पिशवीतून आला असेल, घाईत मीच अडकवला असेल. पण तो खाली लोंबत नव्हता. तो लाकडाला चिकटून आडवा पसरला होता, खिळ्यापासून दाराच्या कापलेल्या कडेकडे. दार उभं असतं तर टॉवेल जसा लोंबला असता, अगदी तसा. त्याच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब जमला होता आणि तोही जमिनीकडे यायचं सोडून त्या कडेकडेच सरकत होता.

मी किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग हात लावला. लावताच टॉवेल इतर कुठल्याही टॉवेलसारखा धपकन माझ्या मांडीवर पडला. ओला होता. त्याला सासूबाईंच्या मलमाचा वास होता.

घरी गेले तर दोरीवर तो नव्हता. काय बोलणार, आणि कुणाला? दार काढायला लावणारी मीच.

५

"ओठ बघा त्यांचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी पोटात गेलं नाही तर ह्या फार दिवस काढणार नाहीत. चमच्यानं पाजा, रागवा, काहीही करा."

मी चमचा नेला. सासूबाईंनी दात घट्ट मिटले.

"आई, एक घोट. माझ्यासाठी."

"पाणी घेतलं की मग पुढचं सगळं करावं लागतं," त्या हळू म्हणाल्या. "त्याच्यादेखत नाही करायचं मला."

मी चौकटीकडे पाठ करून बसले होते. वळायचा धीर होईना.

दुकानात येऊन ह्यांना म्हटलं, "दार परत लावू या."

"अगं, वीतभर कापलंय ते. आणि काम कशावर करायचं? जरा हात मोकळा झाला की नवीनच दार करू आईला."

"तोवर त्या राहायला हव्यात."

हे नुसते चिमटा पुसत राहिले. पुसून झालेला चिमटाच पुसत होते.

"निदान तो डोळा काढा."

"तू काढ. तुझंच भोक बुजवलंय मी," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मी घरी जाऊन बघतो, माझ्या हातानं घेते का." आणि निघून गेले.

६

मी दाभण घेतलं. सरस पक्का बसला होता. कडेनं कोरत गेले तेव्हा डोळा सुटला आणि टपकन माझ्या तळहातावर आला. थंड असेल असं वाटलं होतं. कोमट होता.

भोक उघडं झालं. आता कापूस कोंबायचा आणि विषय संपवायचा, एवढंच काम. मी वाकायला नको होतं. आत बघायचं काही कारणच नव्हतं; खाली जमीन आहे हे मला माहीत होतं. पण कुणाच्या बंद दाराशी उभं असलं की डोळा आपोआप भोकाकडे जातो. मी टेबलावर गाल टेकवला.

जमीन नव्हती. समोर पलंगाची कड होती.

खोलीत दिवसाचा उजेड होता. सासूबाईंचे पाय दिसले, उघडे, त्यांच्या कातडीवरच्या सुरकुत्या. पलंगाशी एक बाई पाठमोरी उभी होती. तिच्या अंगात माझा राखाडी स्वेटर होता, त्या क्षणी मी घातला होता तोच. दोन्ही खांद्यांच्या मधोमध तो फाटलेला, आणि पांढऱ्या जाड दोऱ्यानं शिवलेला. आम्ही कातडं शिवतो तो दोरा. टाकेही तसेच.

ती थबकली. मागे कुणी उभं असलं की माणूस थबकतं तशी. तिनं मान वळवायला सुरुवात केली, अर्धवट वळवली, गालाची कड दिसली. मग वळली नाही. तिचा एक हात मागे गेला आणि स्वतःच्या पाठीवरचे ते टाके चाचपू लागला.

तिच्या खांद्यावरून सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. सरळ माझ्या डोळ्यात.

मी मागे सरले ती मागच्या कपाटावर आपटले. आधी मी स्वेटर काढला. उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला. धड होता. कुठे टाका नाही, भोक नाही. मग मात्र मला हुंदका आला, आणि तो भीतीचा नव्हता. लहानपणी कुणाच्या न्हाणीघराच्या फटीतून बघताना पकडलं जावं, तसं झालं होतं मला. एवढ्या वयाची बाई मी.

७

हे परत आले तेव्हा मी स्वेटर पुन्हा चढवून घोड्यांवरून दार खाली उतरवलं होतं. पोपट खिडकीत उभा होता, एका डोळ्यानिशी. दुसरा बसवायचा राहिला होता.

"काय चाललंय?"

"धरा त्या बाजूनं."

"आणि काम?"

"जमिनीवर बसून करू. माझे गुडघे अजून शाबूत आहेत."

ते दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दार काढलं त्या रात्री आईनं मला विचारलं होतं. 'मी काय केलं रे?' म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, झोप तू." त्यांनी खाली वाकून दुसरं टोक उचललं.

आम्ही दोघांनी ते दार दोन गल्ल्यांतून नेलं. ओळखीची माणसं वाट देत होती. "काय, घर बदलताय?" एकानं विचारलं. "नाही, परत आणतोय," हे म्हणाले.

बिजागऱ्या जुन्याच जागी बसल्या. चौकटीत उभं करताना मी आतून खांदा लावला होता. दार झोकांडलं, माझी पाठ लाकडावरून घासत गेली. काहीतरी टरकलं.

"थांब, हलू नकोस," हे मागून म्हणाले. त्यांच्या खिशात दुकानातली सुई नेहमीच असते. माझं सगळं लक्ष सासूबाईंकडे होतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, जीभ आतल्या आत फिरत होती. पाठीवर चार-पाच वेळा दोरा सरकला तो कळला तेवढाच. "झालं," म्हणून हे बाहेर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

दार खालून आखूड पडत होतं, तिथे मी सतरंजी दुमडून लावली. भोकात कापूस कोंबला. कडी घातली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कडीचा आवाज झाला, आणि सासूबाईंच्या गळ्यातून कसलासा सुस्कारा निघाला.

"लावलं ना?"

"लावलं, आई."

त्यांनी चमचाभर पाणी घेतलं. मग आणखी एक. मग चालत्या हातानं पेलाच धरला. पिताना त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला मान वर करवत नव्हती. थोड्या वेळानं त्यांना भांडं लागलं. मी पांघरूण बाजूला केलं, पाय सरळ केले, त्यांनी डोळे मिटायची वाट पाहिली.

त्यांनी मिटले नाहीत. माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

"आता तू बघतेस होय?" त्या म्हणाल्या.

"मी तर इथं आहे, आई."

"इथं आहेसच." त्यांचा आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता. "तो डोळा बरा होता गं. त्याला काही कळत तरी नव्हतं."

कापूस जमिनीवर पडलेला मला दिसला. माझ्या पायाशी. दार बंद होतं, वारा नव्हता.

मी वळू लागले आणि अर्ध्यात थांबले. हात आपोआप पाठीमागे गेला. दोन्ही खांद्यांच्या मधोमध बोटांना जाड दोरा लागला, कातड्याला घालतात तसे टाके.

माझ्या मागे, कमरेच्या उंचीवर, कुणीतरी श्वास रोखून धरला होता. तो श्वास कसा रोखला जातो, गाल कुठल्या लाकडाला टेकलेला असतो, हे मला माहीत होतं. मी वळले असते तर काय दिसलं असतं तेही माहीत होतं.

मी वळले नाही. चादर उचलली, दोन्ही हात ताणून पसरली आणि पलंग आणि दार यांच्या मध्ये उभी राहिले. माझी पाठ भोकाशी वाकलेल्या तिला दिसायची तेवढी दिसू दे.

"आता?" मी विचारलं.

सासूबाईंनी चादरीकडे पाहिलं, माझ्या ताणलेल्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले.

हात दुखायला लागले तरी मी तशीच उभी होते. पाठीमागे बराच वेळ काही हललं नाही. नंतर कुठेतरी दूर, दोन गल्ल्या पलीकडे असावं इतकं दूर, कुणीतरी मागच्या मागे कपाटावर आपटल्याचा आवाज झाला.